दहा दिवसांची पाहुणी आणि दहावीचं वर्ष : कोथरूडच्या एका घरातलं प्रकरण

हे प्रकरण जानेवारी–फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात, कोथरूडमधल्या एका घरात घडलं. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. यजमानीण, तिचा नवरा, सासूबाई आणि पाहुणी म्हणून आलेली मैत्रीण या चौघांशी मी वेगवेगळी बोलले. एकाच प्रसंगाबद्दल चौघांचं सांगणं काही ठिकाणी जुळत नाही. ते जुळवून घ्यायचा खटाटोप मी केलेला नाही. यात कुणी वाईट वागलं नव्हतं. सगळे एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून जपून वागत होते, आणि गुंता बराचसा त्या जपण्यातूनच झाला.

पार्श्वभूमी

अनघा पंचेचाळिशीची, बँकेत नोकरीला. नवरा हिंजवडीला आयटीत. मुलगा दहावीत, मुलगी चौथीत. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे सोडले तर खणखणीत. घर दोन बेडरूमचं. मुलगा दहावीत गेल्यापासून दुसरी खोली अभ्यासासाठी पूर्णपणे त्याची झाली आणि आजी व नात हॉलमध्ये दिवाणावर आणि गादीवर झोपू लागल्या. आजींनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांना कुणी विचारलंही नाही, हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

या घरातल्या सकाळीत बोट घालायला फट नाही. साडेपाचला अनघा उठते. पावणेसातला धाकटीची स्कूलबस. सातला पोळी-भाजीच्या ताई येतात, त्यांच्याकडून तीन डबे भरून होईपर्यंत पावणेआठला नवऱ्याची कंपनीची बस. मुलगा क्लासहून परत येतो, खातो, शाळेत जातो. नऊच्या सुमाराला अनघा आनंदनगरहून मेट्रो पकडते. त्यानंतर घर आजींच्या ताब्यात: कुरियर, गॅस सिलिंडर, इस्त्रीवाला, आणि दुपारी पावणेएकला धाकटीला बसमधून उतरवून घेणं. गुरुवारी महापालिकेनं पाणी बंद ठेवलं की यातला प्रत्येक धागा अर्धा तास पुढे-मागे सरकतो.

शिल्पा ही अनघाची इंजिनिअरिंगची मैत्रीण. अनघा साताऱ्याहून आलेली, होस्टेलवर राहणारी, शिल्पा पुण्याची. चार वर्षं जवळजवळ प्रत्येक रविवारी अनघा शिल्पाच्या घरी जेवली. आजारपणात पंधरा दिवस तिथंच राहिली होती. शिल्पाच्या आईनं तेव्हा तिला मुलीसारखं सांभाळलं. शिल्पा लग्नानंतर न्यू जर्सीला गेली ती तिथलीच झाली. २०२३ मध्ये तिचे वडील गेले, आई भावाकडे बंगळुरूला राहायला गेली आणि कोथरूडमधला त्यांचा फ्लॅट बंद पडला. तो विकायचं ठरलं, गिऱ्हाईक मिळालं, इसार झाला. नोंदणीसाठी शिल्पा पुण्याला येणार होती.

डिसेंबरात तिचा फोन आला. "तुझ्याकडे उतरले तर चालेल ना? साधारण दहा दिवस." अनघाचं उत्तर होतं, "हे काय विचारणं झालं?"

याहून वेगळं उत्तर त्या घडीला तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, आणि निघायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या उत्तरानं पुढचे सगळे प्रश्न बंद केले. परतीचं तिकीट कधीचं आहे, कागदपत्रं कुठवर आली आहेत, दहा दिवसांनंतर ती कुठं जाणार, यातलं काहीच बोललं गेलं नाही. परतीचं तिकीट ८ फेब्रुवारीचं होतं. मधले तीन आठवडे बंगळुरूला भावाकडे राहायचं आणि तिथूनच ऑफिसचं काम करायचं, असं शिल्पानं ठरवलं होतं. तिच्या लेखी हे इतकं सरळ होतं की सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

अडचण कशी वाढली

पहिले दहा दिवस छान गेले, हे चौघंही सांगतात. शिल्पाला मुलाची खोली दिली; मुलगा आईवडिलांच्या खोलीत गादी टाकून झोपू लागला. शिल्पा रजेवर होती. जेट लॅगमुळे पहाटे चारला जागी व्हायची आणि अनघा उठायच्या आत चहा तयार असायचा. संक्रांतीला गुळाच्या पोळ्या झाल्या. आजींना ऐकणारं नवं माणूस मिळालं.

मग नोंदणीची तारीख पुढे गेली. कारण अगदी कोरडं आहे, पण परदेशी नातेवाइकांची घरं विकणाऱ्या अनेकांना ते ऐन वेळी भेटतं म्हणून सांगते. वडील गेल्यावर फ्लॅटवर आई, भाऊ आणि शिल्पा अशा तिघांचा वारसाहक्क आला. विकणारे सगळे भारतात राहणारे असते तर पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर खरेदीदारानं १ टक्का कर कापायचा आणि तो आपल्या पॅनवर भरायचा, एवढंच काम होतं. विकणाऱ्यांत एक जरी अनिवासी, म्हणजे परदेशात राहणारा, असला तरी त्याच्या वाट्याला तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १९५ लागे. मग कर बराच जास्त कापावा लागे, आणि तेव्हाच्या नियमानं खरेदीदाराला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक, हाही काढावा लागे. हे खरेदीदाराला ठाऊक नव्हतं, एजंटला ठाऊक नव्हतं. कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाच्या लक्षात आलं तेव्हा नोंदणीला तीन दिवस उरले होते. तारीख आधी एका आठवड्यानं पुढे गेली, मग आणखी.

शिल्पाची रजा संपली. बंगळुरूला जाऊन परत यावं तर रोज एजंट म्हणत होता, "मॅडम, दोन दिवसांत होतंय." तिनं काम पुण्यातूनच सुरू केलं. न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा थंडीच्या महिन्यांत आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. म्हणजे साडेसात ते पहाटे साडेतीन काम, मग अकरापर्यंत झोप. मुलाच्या अभ्यासाच्या खोलीचं दार संध्याकाळी साडेसातला बंद व्हायचं ते दुसऱ्या दिवशी अकराला उघडायचं. मुलगा अभ्यास करायचा तो नेमका रात्री आठ ते अकरा आणि पहाटे पाच ते साडेसहा. पुस्तकं, टेबल, मार्कर, भिंतीवरचं वेळापत्रक सगळं त्या दाराच्या आत. दुसरी सराव परीक्षा त्याच आठवड्यात सुरू झाली होती आणि बोर्डाचा पहिला पेपर २१ फेब्रुवारीला होता.

नवऱ्यानं एकदा विचारलं, "किती दिवस आहे गं ती?" अनघा त्याच्यावर उखडली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्याऐवजी त्यानं एक गोष्ट परस्पर केली: मुलाला जवळच्या अभ्यासिकेत महिन्याची जागा घेऊन दिली. कागदावर हा उपाय चांगला होता. प्रत्यक्षात ती स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पंचविशीतल्या मुलांची अभ्यासिका. तिथं पंधरा वर्षांच्या मुलाला मोठ्यानं पाठ करता येईना, रात्री साडेदहाला त्याला आणायला कुणीतरी जावं लागे, आणि घरी आला की तो कुणाशी बोलत नसे. सराव परीक्षेच्या भूमितीच्या पेपराला तो कंपासपेटीशिवाय गेला, कारण पेटी बंद दाराआड होती आणि "मावशी झोपलीय, उठवू नकोस" असं त्याला बजावलेलं होतं.

पोळी-भाजीच्या ताईंचं वेगळंच चाललं होतं. त्यांचा हिशेब माणशी असतो. घरात एक माणूस वाढलं, तेही परदेशातून आलेलं, आणि त्याबद्दल त्यांच्याशी कुणी अवाक्षर काढलं नाही. पहिला आठवडा त्यांनी सोडून दिला. दुसऱ्या आठवड्यात पोळ्या मोजून होऊ लागल्या. हे शिल्पाच्या लक्षात आलं, अनघाच्या नाही. शिल्पानं ताईंना बाजूला घेऊन पाच हजार रुपये दिले आणि "अनघाला सांगू नका" म्हणाली. पोळ्यांची संख्या पूर्ववत झाली.

या दिवसांत शिल्पानं दोनदा विचारलं होतं, "अडचण होत नाहीये ना?" अनघा दोन्ही वेळा म्हणाली, "छे गं!" त्या उत्तराचा अर्थ कळत नव्हता का, असं मी शिल्पाला विचारलं. तिचं उत्तर प्रामाणिक होतं: "कळत होता. मी पुण्याचीच आहे. पण ते खरं मानणं माझ्या सोयीचं होतं."

हळदीकुंकू

२४ जानेवारीच्या शुक्रवारी संध्याकाळी घरात हळदीकुंकू होतं. तारीख आजींनी महिनाभर आधी ठरवलेली, वीसेक बायका येणार. शिल्पा तेव्हा रजेवर असेल किंवा बंगळुरूला गेलेली असेल, असा हिशेब. बायका सहापासून येऊ लागल्या, पण सोसायटीतलं हळदीकुंकू सहाला सुरू होऊन सातला संपल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. साडेसातला हॉलमध्ये बारा बायका होत्या आणि वाण संपलं. वाणाचे उरलेले डबे मुलाच्या खोलीतल्या कपाटात होते.

आत शिल्पाची मीटिंग, कॅमेरा सुरू. अनघानं आधी हळूच टकटक केली, मग दार उघडून वाकत वाकत कपाटापर्यंत गेली. डबे स्टीलचे. दोन खाली पडले. शिल्पानं माइक बंद केला आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं. काही बोलली नाही. अनघा म्हणते की त्या नजरेत राग होता. शिल्पा म्हणते की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाहेर एका पाहुण्या बाईंनी चौकशी केली: "अजून आहेत का त्या? बरेच दिवस राहिल्या की!" घर लहान. ते वाक्य आत ऐकू गेलं.

त्या रात्री अनघा जेवली नाही. पोट ठीक नाही म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलेली शिल्पाही पोट ठीक नाही म्हणाली. एरवी अशा सबबी घराघरांत खपून जातात. पण तो जानेवारी २०२५ चा शेवटचा आठवडा होता. पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण रोज वाढत होते. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी ही नावं रोज बातम्यांत होती. आधी जुलाब-उलट्या, मग हातापायांतली ताकद जाणं, असं त्या आजाराबद्दल सगळे वाचत होते. पाणी उकळून प्या, बाहेरचं खाऊ नका, अशा सूचना निघाल्या होत्या. एकाच घरात दोन बायकांचं पोट एकाच रात्री बिघडलं म्हटल्यावर नवऱ्यानं डॉक्टरांना फोन लावायला घेतला आणि आजींनी दोघींना दिवाणावर बसवून उलटतपासणी सुरू केली. काय खाल्लं, कधीपासून, पायात मुंग्या येतात का. तिसऱ्या प्रश्नाला अनघा म्हणाली, "आई, पोटाला काही झालेलं नाही." शिल्पा म्हणाली, "माझ्याही नाही, काकू."

पर्याय

दुसरा दिवस चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. दुपारी शिल्पा उठल्यावर चौघं बोलायला बसली. मुलाला बोलावलं नाही. खोली त्याची, परीक्षा त्याची, आणि बैठकीत तो नाही.

शिल्पानं सर्वांत आधी हॉटेलचा किंवा सर्व्हिस अपार्टमेंटचा विषय काढला. पैशाचा प्रश्न नव्हता. नवऱ्याला तो मनातून मान्य होता. मला त्यानं तसं सांगितलं. त्या दुपारी मात्र तो गप्प बसला, कारण अनघाचा चेहरा त्याला दिसत होता. शिल्पाच्या आईकडे पंधरा दिवस आजारपण काढलेल्या मुलीनं शिल्पाला हॉटेलात पाठवायचं, हे अनघाला सहन होण्यासारखं नव्हतं. शिवाय त्या आठवड्यात रोज बाहेरचं जेवण म्हणजे जिवाला घोर.

भाड्यानं टेबल देणाऱ्या सामायिक ऑफिसचा विचार झाला. रात्रभर उघडं असलेलं ठिकाण शोधायचं, पहाटे साडेतीनला एकटीनं परतायचं, सोसायटीचं गेट उघडायला लावायचं. तो तिथंच बारगळला. खोल्यांची अदलाबदल केली तर नवरा-बायको हॉलमध्ये येणार, म्हणजे सहा माणसांपैकी चौघं हॉलमध्ये. आहे तसंच ८ फेब्रुवारीपर्यंत रेटणं हाही पर्याय होताच. दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे, असं अनघा म्हणाली. त्यावर नवरा पहिल्यांदा बोलला: "त्याच्या बोर्डाला चार आठवडे आहेत."

एक पर्याय सगळ्यांना दिसत होता आणि कुणी तो उच्चारत नव्हतं. चालत दहा मिनिटांवर शिल्पाच्या वडिलांचा दोन बेडरूमचा फ्लॅट रिकामा होता. वीज सुरू, पाणी सुरू, किल्ली तिच्या पर्समध्ये. अनघाला तो पहिल्या दिवसापासून सुचत होता. पण वडील त्याच घरात गेले होते, आणि जिच्या घरचं मीठ खाल्लं तिला "तू तुझ्या रिकाम्या घरी जा" म्हणणं तिला जमेना. शिल्पाही तिथं फक्त दिवसा, एजंटबरोबर जात होती. रात्री एकटीनं थांबायचा धीर होत नव्हता, आणि पंचेचाळीस वर्षांच्या बाईनं हे कसं सांगायचं, याची लाज वाटत होती.

ते आजींनी सांगून टाकलं. "शिल्पा, बाबांच्या घरी बसून काम कर की. मी येते सोबतीला."

आपल्याकडे एकट्या बाईकडे शेजारची आजी किंवा पुतणी रात्रीची सोबतीला झोपायला जाणं ही जुनी, अगदी साधी रीत. फ्लॅटच्या जगात ती मागे पडली. कुणाच्या डोक्यात आली नाही ती त्यामुळेच.

काय केलं

रविवारी, २६ जानेवारीला, झेंडावंदन आटोपून नवरा आणि मुलगा कामाला लागले. दोन गाद्या, घडीची खाट, प्लास्टिकचं टेबल, इंडक्शनची शेगडी, दोन पातेली, उकळलेल्या पाण्याचा मोठा थर्मास. फ्लॅटमधला गिझर चालत होता. एक पंखा कुरकुरत होता, तो बंदच ठेवला. तिथलं इंटरनेट कधीच काढून टाकलेलं, म्हणून शिल्पानं फोनच्या हॉटस्पॉटवर तासभर चाचणी कॉल केला, आणि मगच सामान हललं. हे तिनं स्वतःहून केलं. पहिल्याच रात्री मीटिंग तुटली असती तर सगळी मंडळी पुन्हा मूळ जागी आली असती.

खरेदीदाराला एजंटमार्फत कळवलं की नोंदणीपर्यंत घरात कुणीतरी राहणार आहे. मालकी अजून यांचीच असल्यानं परवानगीचा प्रश्न नव्हता, पण इसार दिलेल्या माणसाला विकत घेतलेल्या घरात रात्री दिवा दिसला तर त्याच्या मनात काय काय येईल, हा विचार नवऱ्यानं केला. सोसायटीच्या कार्यालयात आणि वॉचमनलाही सांगितलं.

नवा क्रम असा बसला. साडेसहाला सगळ्यांबरोबर जेवण, मग आजी आणि शिल्पा रिक्षानं फ्लॅटवर. आजी एका खोलीत नऊला आडव्या, शिल्पा दुसरीत पहाटेपर्यंत. सकाळी आठला नवरा किंवा मुलगा आजींना घेऊन येई. त्यासाठी नवऱ्यानं त्या आठवड्यात दोन दिवस घरून काम केलं. शिल्पा बाराला उठून आवरून येई आणि पावणेएकला धाकटीला बसमधून उतरवून घेई. गुडघेदुखीच्या आजींची त्या वेळची जिन्याची फेरी वाचली. मग आजी, शिल्पामावशी आणि चौथीतली मुलगी अशा तिघी जेवायला बसत.

चार रात्रींनंतर शिल्पा म्हणाली, "काकू, आज नाही आलात तरी चालेल." आजी त्यानंतरही एक दिवसाआड जात राहिल्या. अनघाला वाटलं, सासूबाई शिल्पासाठी कष्ट घेताहेत. मी आजींना विचारलं तेव्हा त्यांनी वेगळंच सांगितलं. गेले सात-आठ महिने हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत दिवा, टीव्ही, मुलाचं पाणी प्यायला येणं, पहाटे पुन्हा दिवा. त्या फ्लॅटमध्ये त्यांना दार लावून झोपता आलं. "मला पण खोली हवीच होती की," त्या म्हणाल्या. हे त्यांनी मुलाला किंवा सुनेला तोवर कधी सांगितलं नव्हतं.

निष्पत्ती

मुलाला खोली परत मिळाली आणि अभ्यासिकेची जागा महिनाभर रिकामी राहिली. खरेदीदाराला टॅन मिळाला आणि ३ फेब्रुवारीला दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली. अनिवासी विक्रेत्याला प्राप्तिकर विभागाकडून कमी कर कापण्याचं प्रमाणपत्र काढता येतं, पण ते काढायला शिल्पाला वेळच मिळाला नव्हता, म्हणून कर पूर्ण कापला गेला. तो आता विवरणपत्र भरून परत मागायचा. त्या रात्री ताबा द्यायचा असल्यानं गाद्या परत आल्या आणि शिल्पा शेवटची रात्र अनघाकडे, हॉलमध्ये, आजींच्या शेजारी झोपली. दुसऱ्या दिवशी बंगळुरूला गेली. तीन आठवडे आईजवळ राहायचं ठरलं होतं. मिळाले चार दिवस.

दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि मुलाला मनासारखे गुण मिळाले. नातेवाइकांत "पाहुणी असूनही" आणि "पाहुणीमुळेच" असे दोन्ही सूर निघाले. दोन्हीला अर्थ नाही. सराव परीक्षेचा एक आठवडा बिघडला, एवढंच ठामपणे म्हणता येतं.

अनघा आणि शिल्पाचं नातं टिकलं, पण त्या आठवड्याबद्दल दोघी अजून मोकळेपणानं बोललेल्या नाहीत. हळदीकुंकवाच्या बाईंचं वाक्य शिल्पानं ऐकलं होतं हे अनघाला माझ्याकडून कळलं, शिल्पाची परवानगी घेऊन. आजींना मात्र कायमचा फायदा झाला. परीक्षा संपल्यावर मुलाच्या खोलीत त्यांचा पलंग परत गेला, आणि या वेळी तो मुलानंच ओढून नेला.

वेगळं काय करता आलं असतं

डिसेंबरातल्या फोनपासून सुरुवात करू. मैत्रिणीला "किती दिवस राहणार?" विचारणं अवघड आहे हे मान्य. पण तो प्रश्न विचारायची गरजच नव्हती. अनघानं आपल्या घराचं वेळापत्रक सांगितलं असतं, तर प्रश्न शिल्पाकडून आले असते. "ये गं. पोराची दहावी आहे, रात्री आठ ते अकरा त्याला खोली लागते, तेवढं सांभाळू." यात नकार नाही, हिशेब नाही, आणि रात्रपाळीचं काम असलेल्या माणसाला लगेच कळतं की बोलायला हवं. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती हीच होती.

दुसरी संधी नोंदणी पहिल्यांदा पुढे गेली त्या दिवशी आली. दहा दिवसांचा पाहुणचार तिथं संपला आणि वेगळंच काही सुरू झालं: सहावं माणूस, वेगळ्या वेळा, अनिश्चित मुदत. त्या दिवशी कुणीच बसून बोललं नाही, कारण एजंटचे "दोन दिवस" सगळ्यांना हवेसे होते. अनघापेक्षाही ही जबाबदारी मी शिल्पावर टाकेन. कामाच्या वेळा फक्त तिलाच माहीत होत्या. पाहुण्यानं विचारायचा प्रश्न "अडचण होत नाहीये ना?" असा असेल तर त्याला एकच उत्तर येतं. "सोमवारपासून मला रात्रभर दार बंद करून बोलावं लागेल, कुठं बसू?" याला "छे गं" म्हणता येत नाही.

अभ्यासिकेचा निर्णय नवऱ्यानं बायकोशी भांडण टाळायला घेतला आणि त्याची किंमत मुलानं भरली. मुलाला विचारलं असतं तर, तो आजींना म्हणाला त्याप्रमाणे, त्याला शिल्पाच्या फ्लॅटवर बसून अभ्यास करायला आवडलं असतं. म्हणजे माणूस हलवण्याऐवजी टेबल हलवायचं. हे कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही ते ऐकेपर्यंत सुचलं नव्हतं.

कागदपत्रांच्या बाजूनं पाहिलं तर शिल्पा इथं येण्याची गरज कमी करता आली असती. अमेरिकेतून भावाच्या नावानं या एका व्यवहारापुरतं मुखत्यारपत्र करून पाठवता येतं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कमी कर कापण्याच्या प्रमाणपत्राचा अर्जही आधीच, वेळ हाताशी ठेवून करता येतो. तिला स्वतः यायचंच होतं, वडिलांच्या घराचा निरोप घ्यायला. तो भाग कागदांत मावत नाही. पण ती मुखत्यारपत्र करून आली असती तर तारीख सरकल्यावर बंगळुरूला निघून जाऊ शकली असती.

हॉटेलबद्दल नवरा आणि मी शेवटपर्यंत सहमत झालो नाही. त्याचं म्हणणं, रजा संपली त्या दिवशीच तिनं हॉटेलात जायला हवं होतं आणि अनघानं ते मनाला लावून घ्यायला नको होतं. मला वाटतं, तसं झालं असतं तर फ्लॅट बंदच राहिला असता आणि आजींना खोली हवी आहे हे अजूनही कुणाला कळलं नसतं. तो म्हणतो, ते एरवीही कळायलाच हवं होतं. त्याचं हे बरोबर आहे.

राहिल्या पोळी-भाजीच्या ताई. पाहुणं येणार म्हणजे त्यांचं काम वाढणार, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून माणशी पैसे ठरवायला हवे होते, आणि ते घरच्या बाईनं द्यायला हवे होते. शिल्पानं गुपचूप दिलेले पाच हजार मार्चमध्ये बाहेर आले. ताईंनी दर वाढवून मागितला तेव्हा अनघानं कारण विचारलं, तर त्या म्हणाल्या, "एका माणसाचे महिन्याला पाच हजार मिळाले होते मला." दर वाढवून द्यावा लागला. अनघानं ते शिल्पाला अजून सांगितलेलं नाही.